बारापट धूर

संगणकावर हवा कशी चालवायची हे मी संशोधकांना शिकवते. ऐकणाऱ्याला हा जादूटोणा वाटतो, म्हणून आधीच सांगून टाकते. पृथ्वीवरच्या हवेचे ठोकळे पाडायचे, एकाशेजारी एक, एकावर एक. कुठल्या ठोकळ्यात किती धूर, किती धूळ, किती वायू येतो ते आकड्यांत भरायचं. मग वारा, ऊन, पाऊस यांची गणितं त्यावर सोडायची. काही तासांनी संगणक सांगतो की तो धूर कुठे गेला, कशात मिसळला, त्याने ऊन किती अडवलं. याला आम्ही मॉडेल म्हणतो, आणि ते एकदा चालवलं की त्याला रन म्हणतो. पुण्यात माझी नोकरी आहे, कंत्राटी, पण आहे.

माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. वडील नाशिकला द्वारका चौकाजवळ ट्रकच्या गॅरेजात कामाला होते. सायलेन्सर उतरवायचे, ठोकायचे, आतली काजळी घमेल्यात पाडायचे. घरी आले की पहिले न्हाणीत. आमच्या न्हाणीच्या भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीला एक काळा पट्टा होता. चुना मारला तरी महिन्याभरात परत उमटायचा. पुढे एम.एस्सी.ला सरांनी फळ्यावर लिहिलं की काजळीचा कण ऊन पितो आणि तापतो, तेव्हा सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता आणि मला वडिलांच्या पाठीची आठवण आली होती. उन्हात काम करून आले की ते म्हणायचे, “आज पाठ नुसती तव्यासारखी झालीय.” तर सांगायचा मुद्दा, मी पुस्तकातून वर आलेली नाही आणि याचा मला अभिमान आहे. दुसरा अभिमान माझ्या तोंडाचा. “पोरगी फटकळ आहे,” असं आई शेजारणींना तक्रार म्हणून सांगायची. मी तेच पदवीसारखं मिरवत आले.

नाशिकच्या एका कॉलेजने पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं तेव्हा मी हरखून गेले, हे कबूल करते. ज्या शहरात शाळेच्या फीसाठी वडील मालकाच्या दारात उभे राहिले, तिथे मी पाहुणी म्हणून जाणार. एप्रिलचा शेवट होता. तीस जणांनी नावं दिली होती, बहुतेक कॉलेजातले प्राध्यापक, चार-पाच पीएच.डी.चे विद्यार्थी.

पहिल्या दिवशी उद्घाटन. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मान्यवरांचा परिचय, मान्यवरांनी करून दिलेला मान्यवरांचा परिचय. अडीच तास. नाशिकच्या एप्रिलमध्ये माझ्या खांद्यांवर लोकरीसारखी जाड शाल घातली. मध्येच वीज गेली आणि सभागृहामागचा जनरेटर सुरू झाला. खिडकीतून काळा भपकारा आत आला. मुख्य पाहुणे तेव्हा स्वच्छ हवेवर बोलत होते. त्यांनी रुमाल नाकाला लावला, भाषण थांबवलं नाही. एकानेही उठून खिडकी लावली नाही, कारण पाहुणे बोलत असताना उठत नाहीत. मी डायसवर बसून तो धूर गिळत होते आणि मनात म्हणत होते, काय लायकीची माणसं आहोत आपण.

चहाला एक प्राध्यापक जवळ आले. पोटावर बॅज, हातात बिस्किटं. “मॅडम, सर्टिफिकेट शेवटच्या दिवशीच ना? का आधी सही करून ठेवता?”

“शेवटच्या दिवशी.”

“नाही, माझं काय आहे, मला प्रमोशनला एवढं एकच कमी पडतंय. उद्या-परवा मी नसलो तरी हजेरीचं बघता ना जरा?”

मी विचारलं, “तुम्ही शिकवता काय?”

“पर्यावरणशास्त्र,” ते म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं.

दुसऱ्या दिवशी खरं काम सुरू झालं. मी नकाशा लावला आणि सांगितलं की आपण वापरतोय ते मॉडेल साऱ्या जगाचं आहे, त्यामुळे त्याचे ठोकळे मोठे आहेत. एक ठोकळा साधारण दोनशे किलोमीटर लांब, तेवढाच रुंद. म्हणजे नाशिक शहर, सुरगाणा आणि नांदगाव हे तिन्ही एकाच ठोकळ्यात.

मागून आवाज आला, “म्हणजे द्वारका अन् सुरगाणा एकच?”

“मॉडेलसाठी एकच.”

“मग मॅडम, जमिनीचे भाव पण एक करायला सांगा की त्याला!”

सगळे हसले, मीही हसले. मग समजावलं की हे हसण्यावारी नेऊ नका. चमचाभर हळद वाटीत टाकली तर पाणी पिवळं दिसतं, हौदात टाकली तर दिसत नाही. हळद तेवढीच असते. द्वारकेच्या चौकातला धूर आपण हौदात टाकतोय. त्यामुळे शहरातल्या हवा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा आणि मॉडेलचा आकडा जुळणार नाही. जुळला तर उलट घाबरा.

हे मी सांगितलं. तीस जणांनी मान हलवली. पण त्या माना कशासाठी हलतात ते मला माहीत असायला हवं होतं, कारण मीही त्याच शाळेतली. आमच्याकडे बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलची वही मागच्या वर्षीच्या मुलांची समोर ठेवून उतरवतात. लोलकाचा प्रयोग असतो, त्यातून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तो पुस्तकात दिलेलाच असतो, नऊ पूर्णांक आठ. मग कोण लोलक हलवत बसतो? उत्तर खाली लिहायचं आणि तिथून मागे मागे येत सेकंद बसवायचे. त्याला रीडिंग जमवणं म्हणतात. सर सही करतात, कारण त्यांनीही जमवलेलंच असतं. मीही जमवलंय. पुण्याला गेल्यावर एका बाईंनी माझी वही माझ्यासमोर फाडली, तेव्हा सुटलं.

दुपारी प्रत्येकाला आपापला रन करायला दिला. एकाने आधी पूर्ण केला, आणि तासाभरात त्याचं फोल्डर पेन ड्राइव्हवरून सगळ्या खोलीत फिरलं. संध्याकाळी तीस आलेख आले, त्यातल्या सव्वीसांच्या डोक्यावर त्या एकाचंच नाव. पुसायचेही कष्ट नाहीत. मी एकेकाला विचारलं, तर कुणी ओशाळलं नाही. एक जण म्हणाले, “मॅडम, उत्तर तर बरोबरच आहे ना?” मला शिसारी आली. चोरीची नाही, त्या निवांतपणाची.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने स्वतः केला होता. दोनदा चुकली होती आणि तिसऱ्यांदा चालला होता, आणि त्यात धुराचे आकडेही तिने स्वतः मोजलेले भरले होते. मुलगी म्हणते, पण एकोणतिसेक वर्षांची असेल. सुरगाण्याकडची, एका पाड्यावरची. नाशिकच्याच एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. तिची पीएच.डी. राबाच्या धुरावर होती. भात-नागलीची रोपं करायच्या आधी डोंगराळ भागात जमिनीच्या तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरतात आणि पेटवतात, तो राब. हिने काय केलं होतं, तर दोन उन्हाळे चार पाड्यांवर फिरून, राब पेटवण्याआधी त्यावरचं एकेक ओझं ताणकाट्याला अडकवून वजन केलं होतं. जाड पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येक पानावर शेतवाल्याचं नाव, कुठल्या झाडाच्या फांद्या, शेण ओलं की सुकं, किलो. एका पानावर नुसतं ‘आई’ लिहिलेलं.

मी ती वही उभ्याने पानं उलटत वाचली. इतक्या वर्षांत धुराचं एवढं प्रामाणिक टिपण मी कुणाकडे पाहिलं नव्हतं. मोठमोठ्या संस्थांच्या फायलींत या धुराची एक ओळ असते, ती उपग्रहाच्या फोटोवरून काढलेली, आणि उपग्रहाला राबाएवढी लहान आग दिसतही नाही.

“हे कुणी सांगितलं करायला?” मी विचारलं.

“कुणी नाय. सर म्हणाले होते, इंटरनेटवरून आकडा घे. पण तो आकडा बघून माझी आईच हसली. म्हणाली, एवढं जाळायला आणायचं कुठून?”

सर म्हणजे तिचे गाईड. तेच या प्रशिक्षणाचे आयोजक. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, बोलायला गोड. प्रबंध द्यायची तिची मुदत पाच महिन्यांवर आली होती. गाईडची सही झाली नाही तर सहा वर्षं पाण्यात, आणि पदवी नाही म्हणजे कायमच्या नोकरीचा अर्जसुद्धा करता येणार नाही. हे तिने रडगाणं म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी एक साधा प्रयोग शिकवला. फायलीतल्या एका धुराला आकड्याने गुणायचं, दुप्पट, तिप्पट, आणि मॉडेल काय म्हणतं ते बघायचं. एखादा धूर वाढला तर कशावर किती फरक पडतो, हे कळण्यासाठी. डॉक्टर पोट दाबून ‘इथे दुखतं का?’ विचारतो, तसं. दाबून दुखवणं हा आजार नव्हे.

चौथ्या दिवशी सकाळी ती मुलगी माझ्याकडे आली. तिचा लॅपटॉप उघडा. “मॅडम, सरांनी काल माझ्याकडून करून घेतलं. राबाचा धूर दुप्पट, तिप्पट असा वाढवत नेला. बारापट केल्यावर शहरातल्या यंत्राचा आकडा जमला. सर म्हणाले, हेच उत्तर. प्रबंधात हेच टाक, आणि उद्याच्या समारोपाला हाच नकाशा दाखव.”

नकाशा पाहिला. ठोकळ्यांच्या कडा दिसू नयेत म्हणून रंग एकमेकांत विरघळवले होते, ती सोय प्रत्येक संगणकात असते. त्यामुळे सुरगाण्यातून निघालेली एक लाल जीभ नाशिक शहराला चाटतेय असं दिसत होतं. एका ठोकळ्याच्या आत! ज्या मॉडेलला नाशिक आणि सुरगाणा वेगळे करताच येत नाहीत, त्याच्या नावावर हे चित्र.

“बारापट धूर म्हणजे बारापट झाडं ना, मॅडम?” ती म्हणाली. “आमच्याकडं एवढी झाडं उरलीत कुठं?”

आम्ही दोघी जेवायला बाहेर झाडाखाली बसलो. डबा तिचा होता, नागलीची भाकरी आणि भुजं, म्हणजे उडदाचं पिठलं. मला कॉलेजचं पनीर नको झालं होतं. तिथे तिने हसत हसत आणखी एक सांगितलं. सरांची गावाकडे द्राक्षाची बाग. एप्रिलात खरड छाटणी होते, वेल खरडून रिकामे करतात आणि काड्यांचे ढीग पडतात. मागच्या वर्षी सर सगळ्या पीएच.डी.वाल्यांना गाडीत घालून ‘हवेचं यंत्र लावायला’ म्हणून बागेत घेऊन गेले. “यंत्र गाडीतच राहिलं, मॅडम. काड्या आम्ही गोळा केल्या, आम्हीच पेटवल्या. दिवसभर डोळे चुरचुरत होते. अन् संध्याकाळी सर म्हणतात, बघा, फिल्डवर्क असं असतं!”

ती हसली, मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं. बांधाबांधावर काड्या जळतात, आणि त्या धुराची आमच्या फायलीत एक ओळसुद्धा नाही. जिथे ओळ आहे, तिथे राब. ज्या शेताचा मालक डायसवर बसतो त्याच्या धुराला नाव नसतं.

दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सरळ बोलले. हा आकडा बरोबर नाही, पट घालून जमवलेला आहे, मुलीच्या वहीतली वजनं याच्या उलट आहेत.

सरांनी पंखा वाढवला. “अहो मॅडम, पट घालायला कुणी शिकवलं? तुम्हीच ना काल?”

“तपासायला शिकवलं. जमवायला नाही.”

“तेच हो. तुम्ही पुण्याचे लोक शब्दांत फार अडकता.” मी द्वारकेची आहे हे त्यांना ठाऊक होतं, परिचयात त्यांनीच वाचून दाखवलं होतं. “हे बघा, मोजमाप करणारं यंत्र खोटं बोलतं का? नाही. मग मॉडेल कमी दाखवतंय म्हणजे काहीतरी कमी भरलंय. राब कमी भरलाय. साधं लॉजिक आहे.”

“राबच का? ट्रक का नाही? वीटभट्ट्या का नाहीत?”

“प्रबंध राबावर आहे,” ते म्हणाले आणि समोरची फाइल उघडली. मग वर न बघता, “पोरगी हुशार आहे, पण तिला तिच्या लोकांचा फार पुळका. संशोधनात पुळका चालत नाही.”

पुळका! मला त्या शब्दाची अजून किळस येते.

मी बाहेर आले. मुलगी व्हरांड्यात थांबली होती. “काय म्हणाले?”

“बघू उद्या,” मी म्हणाले. एवढंच. उद्या मी काय करणार आहे, तुझं त्यात काय होईल, तुला काय हवंय, यातलं काहीही मी तिला विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही. मला वाटत होतं, खरं काय ते मला माहीत आहे, बोलायची ताकद माझ्यात आहे, मग विचारायचं काय?

समारोपाला सभागृह भरलेलं. जे तीन दिवस दिसले नव्हते तेही इस्त्री करून आले होते, सर्टिफिकेटं टेबलावर रचलेली होती ना. वर्तमानपत्राचा एक वार्ताहर पुढे बसला होता. मुलीला बोलावलं. तिने नकाशा दाखवला, सांगितलेली चार वाक्यं एका सुरात म्हटली आणि बाजूला उभी राहिली. सरांनी माइक घेतला. डोंगराळ पट्ट्यातल्या अशास्त्रीय पद्धतीमुळे नाशिककरांच्या फुफ्फुसांवर काय परिणाम होतोय, वगैरे. मुख्य पाहुण्यांनी लगेच सूर धरला, “या लोकांचं प्रबोधन केलं पाहिजे. त्यांना कळत नाही हो, बिचाऱ्यांना.” ती बाजूला उभीच होती. तिच्यापासून चार फुटांवर हे चाललं होतं.

मग माइकवरून पुकारा झाला, आता प्रशिक्षक मॅडम दोन शब्द बोलतील.

मी उठले. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजाही येत होती. मी म्हणाले, “हा नकाशा चूक आहे. राबाचा धूर बारापट केल्यावर हा रंग आला. बारापट का केला? आकडा जमत नव्हता म्हणून. आपण बी.एस्सी.ला लोलकाचं जमवायचो, तसं.”

मागे खसखस पिकली. इथे मी थांबायला हवं होतं. किंवा ती वही हातात घेऊन वजनं वाचायला हवी होती. पण खसखस पिकली की माझं तोंड सुटतं. मी सरांकडे वळले. “आणि सर, तुमच्या बागेतल्या छाटणीच्या काड्या कुठे जातात हो? विद्यार्थ्यांकडून गोळा करून घेता, त्यांच्याकडूनच पेटवता. यंत्र मात्र गाडीतच. त्या धुराची ओळ या फायलीत कुठाय?”

सभागृह फुटलं. मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या, एकाने शिट्टीसुद्धा मारली. मुख्य पाहुणे घड्याळ बघायला लागले. सर हसत होते. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. बागेत कोण कोण आलं होतं हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांतलं एकच माणूस या पाच दिवसांत माझ्याबरोबर झाडाखाली जेवलं होतं.

आभारप्रदर्शनानंतर दहा मिनिटांनी ती मला जिन्यात भेटली. लॅपटॉप पिशवीत घालत होती. मला वाटलं ती आता माझा हात धरेल. इतकी मी मूर्ख.

“मॅडम, बागेचं मी तुम्हाला जेवताना सांगितलं होतं.”

“हो, पण खरंच आहे ना ते?”

“खरं आहे. पण माझं होतं ते. तुमचं नव्हतं.” तिने चेन ओढली, ती अडकली, तिने परत ओढली. “अन् बोलायचंच होतं तर वहीतलं बोलायचं. दोन उन्हाळे मी ओझी उचलली. ते एक वाक्य नाय बोललात. हसायचं तेवढं बोललात.”

मी म्हणाले, “मी सरांशी बोलते.”

“नको. आता तुम्ही नका बोलू. तुम्ही उद्या पुण्यात. मला सोमवारी त्यांच्याच केबिनमध्ये जायचंय.” आणि खाली उतरून गेली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी आली. राबामुळे नाशिकची हवा प्रदूषित, संशोधनातील निष्कर्ष. लाल जिभेचा नकाशा छापला होता. शेजारी माझा फोटो, पहिल्या दिवशी दिवा लावतानाचा, खांद्यावर शाल, खाली ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’. माझ्या भाषणाचं एक अक्षर नाही. म्हणजे माझ्या बोलण्याने पेपर थांबला नाही, नकाशा थांबला नाही, प्रबोधनवाले थांबले नाहीत. कुणाचं काही बिघडलं असेल तर तिचं. मी तो पेपर बसमध्ये घडी करून सीटखाली सारला आणि नाशिकरोड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवसापर्यंत मला दुसऱ्यांचा वीट यायची सवय होती.

जूनमध्ये फोन आला तो बिस्किटवाल्या प्राध्यापकांचा. सर्टिफिकेटवर त्यांचं आडनाव चुकलं होतं, बदलून हवं होतं. ठेवताना सहज म्हणाले, “अन् ती तुमची मागच्या बाकावरची. गाईडनी लेखी देऊन सोडलं म्हणे तिला. वर्तणूक समाधानकारक नाही म्हणून. कॉलेजनेही तास दिले नाहीत यंदा. बाकी मॅडम, समारोपाला तुम्ही धमाल आणली! अजून विषय काढतो आम्ही.”

मी तिला फोन केला, उचलला नाही. मेसेज पाठवला, वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. मी तीन वेळा लांबलचक माफी लिहिली आणि तिन्ही वेळा पुसली. त्या माफीतही मीच जास्त होते.

दिवाळीनंतर तिचाच फोन आला. आधी कशा आहात वगैरे काही नाही, सरळ कामाचं. नांदगावकडच्या एका कॉलेजातल्या बाई तिला विद्यार्थिनी म्हणून घ्यायला तयार झाल्या होत्या. विद्यापीठाने मुदत वाढवून द्यायचं कबूल केलं होतं, पण जुन्या गाईडनी लिहून दिलं होतं की मॉडेलचं काम विद्यार्थिनीने स्वतः केलेलं नाही. ते तिनेच केलं असं प्रशिक्षण देणाऱ्याचं पत्र लागणार होतं. ते देऊ शकणारी मी एकटीच.

“देते. आज देते,” मी म्हणाले. माझ्या डोक्यात पत्र तयारही झालं होतं. दोन पानी. त्यात सर होते, पट होता, काड्या होत्या, पेपरातला नकाशा होता. मी लिहायला पेन उचललं आणि थांबले.

“काय लिहू, ते तू सांग.”

 मग ती म्हणाली, “घ्या लिहून. ‘सदर विद्यार्थिनीने मॉडेलचे दोन रन माझ्या प्रशिक्षणात स्वतः केले.’ पूर्णविराम. ‘पहिला रन तिने स्वतः मोजलेल्या वजनांवर आधारित होता. दुसरा रन राबाचा धूर बारापट धरून, तत्कालीन मार्गदर्शकांच्या सूचनेवरून केला. दोन्ही रनचे आकडे सोबत जोडले आहेत.’ झालं.”

“दुसरा चूक आहे, हे लिहू?”

“ते मी प्रबंधात लिहीन. आकड्यांनी. तुम्ही तुमच्या प्रशिक्षणात घडलं तेवढं लिहा.”

“आणि समारोपाला जे झालं—”

“ते काही नको, मॅडम.”

मी विचारलं, नव्या बाई कशा आहेत. ती म्हणाली, कडक आहेत, वही बघितली, वजनं परत तपासायला लावणारेत, येत्या उन्हाळ्यात आणखी दोन पाडे करायला सांगितलेत. हे सांगताना तिचा आवाज थोडा मोकळा झाला. मग म्हणाली, “पोस्टाने पाठवा. रजिस्टर. शिक्का उमटलेला दिसला पाहिजे,” आणि फोन ठेवला.

मी चार वाक्यं लिहिली. शेवटी पाचवं, अगदी छोटं, माझ्या मनचं घालावं असं फार वाटत होतं. घातलं नाही. सही केली, शिक्का मारला, नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहून काढलं आणि दुपारच्या टपालात टाकायला स्वतः गेले.